बाग छान, पण झोपाळेच काढून टाकलेत
२ स्टार. फोंडा तालुक्यातली आमच्या घराजवळची बाग, स्वच्छ आहे, वॉचमन काका चांगले, संध्याकाळी लाइट पण असतात, पण झोपाळे काढलेत आणि पोरं आत शिरल्या शिरल्या तेच शोधतात हो. लोखंडी फ्रेम तशीच उभी आहे, वरच्या कड्या लटकतायत, त्यातली एक घासून घासून अर्धी झालीय, म्हणजे साखळ्या का काढल्या ते कळतं. गोव्यातली खारी हवा, वर पावसाळा, लोखंड गंजणारच, पण मग गॅल्वनाइज्ड साखळी लावा ना, आणि पावसाआधी-नंतर कड्या तपासा! जागा लागते हे मान्य, अमेरिकेतल्या सेफ्टी गाइडलाइनप्रमाणे झोपाळ्याच्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी हवी, म्हणजे ८ फुटी झोपाळ्याला १६ आणि १६ मिळून ३२ फूट, खाली पडलं तरी लागू नये म्हणून वाळू. इथे तेवढी जागा होती, तिथे आता ओपन जिमची मशीन बसवलीत, लहान मुलांची बोटं चेमटतात त्यात. घसरगुंडी चारपर्यंत तापलेली असते. मोठ्यांना चालायला बाग मस्त आहे, लहान मुलांना घेऊन लांबून येणार असाल तर सध्या नको. झोपाळे लावले की रिव्ह्यू बदलेन.