आउटबोर्डचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो: किट, फिल्टर आणि नवी लाइन वापरल्यानंतरचा अनुभव

कार्बोरेटर दुरुस्तीचं किट घ्या, पण त्याआधी टाकी आणि पेट्रोलची लाइन बघा. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत, म्हणजे १ जूनची मासेमारी बंदी लागेपर्यंत, हे सगळं सामान रोजच्या मासेमारीत वापरून माझं मत असं झालंय. कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला, म्हणजे त्यातून जास्तीचं पेट्रोल वाहायला लागलं, की आपल्याकडे पहिला संशय निडलवर, म्हणजे आत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईवर जातो. निडल बदलली की आठ-दहा दिवस बरे जातात आणि पेट्रोल पुन्हा गळायला लागतं. कारण निडल खराब करणारी गोष्ट तिच्या मागेच बसलेली असते.

होडी देवबागची, १८ फुटी, फायबरची. इंजिन आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं, ८ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, कार्बोरेटर एकच. लक्षणं नेहमीचीच होती. लाइनमधला पेट्रोल पुढे ढकलायचा हाताने दाबायचा बल्ब कितीही दाबला तरी कडक होत नव्हता. हुड काढलं की पेट्रोलचा भपकारा यायचा, प्लग ओले निघायचे आणि होडीच्या मागे पाण्यावर तेलाची रंगीत साय पसरलेली दिसायची. फास्ट चालवताना इंजिन ठीक वाटायचं, जाळं ओढायला स्लो केलं की गुदमरून बंद. कर्ली नदीच्या मुखाशी लाटा फुटतात तिथे असं बंद पडलं तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून या दुखण्याकडे मी ‘थोडं पेट्रोल गळतंय’ एवढ्यावर बघत नाही.

दुखणं नक्की कुठे आहे ते शोधायला फार हत्यारं लागत नाहीत. इंजिन उभं ठेवा, कार्बोरेटरच्या तोंडावरचं हवेचं कव्हर काढा आणि बल्ब हळूहळू दाबत आत टॉर्च मारा. नळीतून पेट्रोल ओघळताना दिसलं तर फ्लोट (पेट्रोलवर तरंगून निडल बंद करणारा तुकडा), निडल किंवा सीटमध्ये (निडल टेकते ती जागा) दोष आहे. ओघळ नाही, बल्बही कडक झाला आणि तरी प्लग ओला निघतोय, तर कार्बोरेटर खोलू नका. चोक पूर्ण उघडतोय का, स्पार्क कसा आहे आणि पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, हे बघा. दुसरी परीक्षा चालू इंजिनावर. स्लोला अडखळत असताना लाइन काढून घ्यायची. बंद पडायच्या आधी इंजिन क्षणभर मोकळं होऊन वर चढलं, तर त्याला पेट्रोल जास्त होत होतं हे नक्की.

डायफ्रामचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे भलेभले फसतात. या इंजिनांचा पेट्रोल पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. डायफ्रामला बारीक चीर पडली की पेट्रोल त्याच वाटेने सरळ क्रँककेसमध्ये शिरतं. लक्षणं हुबेहूब ओव्हरफ्लोची, पण कार्बोरेटर बिचारा ठणठणीत. डायफ्राम उजेडाकडे धरून हलकेच ताणून बघा, चीर दिसते. माझ्या पंपाचा शाबूत होता, पण कडक झालेला, म्हणून बदलला.

कार्बोरेटर खोलला तेव्हा फ्लोट चेंबरचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. तळाला पाण्याचे मणी आणि काळी, मऊ, काजळीसारखी भुकटी होती. निडलच्या रबरी टोकावर सीटची गोल खाच उमटलेली, नखाला लागेल इतकी खोल. सगळ्यात जास्त सांगण्यासारखी वस्तू निघाली ती चेंबरचं गॅस्केट. ते फुगून आतल्या बाजूला आलं होतं आणि फ्लोटची कड त्याला घासत होती. फ्लोट वर उचलला जाणारच नसेल तर निडल बंद कशी होणार? असं फुगलेलं गॅस्केट दाबून पुन्हा बसवू नका, ते जागेवर बसत नाही. फ्लोट पितळी असेल तर कानाशी हलवून बघा आणि गरम पाण्यात बुडवा. छिद्र असलं तर बुडबुडे येतात.

आता किटबद्दल. आधी बाजारातलं स्वस्त किट टाकलं होतं. गॅस्केटची भोकं स्क्रूशी जुळत नव्हती आणि निडलचं टोक होळीच्या आतच फुगलं. नंतर इंजिन कंपनीचं अस्सल किट मागवलं. किंमत जवळपास तिप्पट, वाट बघावी लागली ती वेगळीच, पण एप्रिल-मेच्या उन्हातही त्याची निडल घट्ट बसते आहे. गॅस्केट आणि डायफ्रामसाठी एक वेळ तडजोड करता येईल, निडलसाठी अजिबात नाही. बसवताना निडलची बारीक तारेची क्लिप फ्लोटच्या जिभेवर नीट अडकली आहे ना ते बघा. मग कार्बोरेटर उलटा धरून फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजा. झाकण लावण्याआधी उलट्या स्थितीतच पेट्रोलच्या नळीत तोंडाने हलकी फुंकर मारायची. हवा अडली पाहिजे. फुंकर जात असेल तर सीट साफ करा. माझ्या कार्बोरेटरची सीट निघणारी नाही, आत दाबून बसवलेली आहे. ती कापसाच्या काडीवर थोडं मेटल पॉलिश घेऊन फिरवली आणि कार्ब क्लीनरने धुतली. तिथे पिन किंवा तार घालू नका, एक ओरखडा पडला तरी नवी निडल फुकट.

ती काळी भुकटी कुठली, याचा शोध घेतला म्हणूनच दुखणं थांबलं. जुनी लाइन उभी चिरली तर आतला थर बोटाला काळा लागत होता. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २०२२ च्या जूनपर्यंत १० टक्के इथेनॉल आलं, २०२३ च्या फेब्रुवारीत ई२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि आता साधं पेट्रोल म्हणजे ई२० च. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही, आतून सुटतं आणि ती भुकटी नेमकी निडलखाली जाऊन बसते. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. खाऱ्या दमट हवेत बरेच दिवस पडलेल्या टाकीत पाणी शिरलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसू शकतं, त्यात ऑइल जवळजवळ नसतं आणि टाकीची नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकवाल्यांनी हे मनावर घ्यावं, कारण इथे ओव्हरफ्लोबरोबर पिस्टनही जातो. मी आता लागेल तेवढंच पेट्रोल आणतो आणि लिटरला २० मिली ऑइल या हिशेबाने, म्हणजे ५०:१, ताजं मिक्स करतो.

लाइन, बल्ब आणि दोन्हीकडचे कनेक्टर इथेनॉलला चालणारे घेतले. मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला, खालची वाटी पारदर्शक असलेला. या सगळ्या खरेदीत माझे पैसे सर्वात जास्त कुठे वसूल झाले असतील तर या फिल्टरमध्ये. वाटीत पाणी दिसलं की खालचा स्क्रू सैल करून बाटलीत काढायचं. तक्रार एकच, त्याचं वरचं डोकं अॅल्युमिनियमचं आहे आणि खाऱ्या पाण्याने ते पांढरं पडायला लागलंय. ग्रीस लावत राहावं लागतं.

टाकीचं झाकण हा निम्म्या तक्रारींवरचा बिनपैशाचा उपाय आहे. आमच्याकडचे एक जुने मेकॅनिक कोणी ‘पेट्रोल गळता’ म्हणत आला की म्हणतात, “आदी टाकयेचा झाकान बग, मगे कार्बोरेटराक हात लाव.” झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आणि टाकी उन्हात, की आत दाब तयार होतो आणि तो चांगल्या निडलीलाही ढकलून पेट्रोल आत घालतो. तोच स्क्रू चालवताना बंद राहिला तर उलट पेट्रोल कमी पडतं. टाकी सावलीत ठेवा, लाइन जोडायच्या आधी स्क्रू उघडा. किनाऱ्याला लागताना लाइन काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या, मगच ते वर उचला. तिरकं झालं की फ्लोट तिरका होतो आणि निडल बंद राहत नाही.

पाण्यात असताना इंजिन फ्लड झालंच, म्हणजे आत जास्त पेट्रोल भरलंच, तर बल्बला हात लावू नका, लाइन काढा. चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण द्या आणि दोरी ओढत राहा. गिअर न्यूट्रल आहे ना ते आधी बघा. सुरू झालं की थ्रॉटल लगेच खाली घ्या आणि लाइन जोडा. प्लग काढून ओढायची वेळ आली तर किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून ठेवा आणि प्लगच्या वायरी इंजिनच्या धातूला टेकवा. होडीच्या तळात सांडलेलं पेट्रोल पुसल्याशिवाय आणि वास गेल्याशिवाय स्पार्क नको. सिगरेट तर नाहीच.

आज परिस्थिती अशी आहे: थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या ओढीला लागतं, प्लग कॉफीच्या रंगाचे निघतात, पाण्यावर साय दिसत नाही आणि तेवढ्याच फेऱ्यांना पेट्रोल कमी लागतं. गरम इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी लावायचं झालं तर अजून दोरी जास्त ओढावी लागते, ते किटने सुधारलं नाही. बंदीच्या दोन महिन्यांसाठी टाकी रिकामी केली आहे, फ्लोट चेंबरचा स्क्रू उघडून ते कोरडं केलंय आणि फिल्टरची वाटी काढून ठेवली आहे. १ ऑगस्टच्या आधी नवं पेट्रोल भरून पुन्हा टॉर्च मारून बघेन.