बाबांच्या तबकड्या

गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ला सुरू झालं. सत्तर वर्षं झाली म्हणून बाबांच्या एलपी डिजिटल करायला दिल्या. आमच्या पेठेतल्या त्या दुकानातल्या काकांनी प्रत्येक तबकडी मऊ ब्रशने धुतली, मगच सुई टेकवली. ‘पराधीन आहे जगती’मधलं बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं, प्रत्येक जोडाक्षर लख्ख ऐकू येतं. खरखर पार पुसू नका म्हटलं होतं, तीही हलकीशी ठेवली. रेडिओवर सीतेची बरीचशी गाणी माणिक वर्मांनी गायलेली. नंतर सगळी गाणी बाबूजी एकटेच गायले. त्यांचे चिरंजीव श्रीधर फडक्यांचं गीतरामायणही मला फार आवडतं, पण घर भरतं ते बाबूजींच्याच आवाजानं. काकांनी गाण्यांचा क्रम मात्र चुकवला होता. सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी नीट लावून दिला, जादा पैसे न घेता. तबकड्या जरूर इथेच द्या.