ओझर विमानतळाजवळच्या लॉजवर उतरणार असाल तर आधी हे वाचा

सकाळचं विमान गाठायचं असलेला माणूस भांडत बसत नाही. नाशिकच्या ओझरजवळ महामार्गालगतच्या एका लॉजने आमच्याकडून पैसे उकळले ते एवढ्याच भांडवलावर. लॉजचं नाव देत नाही. अशा लॉजांच्या पाट्या बदलत राहतात, पद्धत मात्र तीच राहते. ती कळली तर पाटीवर काय लिहिलंय याने फारसा फरक पडत नाही.

आम्ही सटाण्याचे. आई-आण्णांना हैदराबादला बहिणीकडे न्यायचं होतं. थंडीचे दिवस, त्यात धुकं. मध्यरात्री उठून भावडबारीचा घाट उतरायचा, सोग्रस फाट्याला हायवेला लागायचं आणि आण्णांनी दर दहा मिनिटांनी "वेळेत पोचू ना रे?" विचारायचं, त्यापेक्षा आदल्या रात्रीच ओझरला मुक्काम करू असं ठरलं. ॲपवर एक लॉज सापडलं. फोटोत पांढऱ्याशुभ्र चादरी, तिघांसाठी फॅमिली रूम, एसी, कर धरून १,४०० रुपये, आणि खाली ठळक अक्षरांत 'विमानतळापासून २ किमी'. पैसे तिथेच भरून टाकले.

त्या २ किलोमीटरचं आधी सांगतो. ओझरचा विमानतळ मुळात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, १९६४ मध्ये मिग विमानांच्या कारखान्याच्या निमित्ताने उभा राहिलेला. प्रवाशांसाठीचं टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झालं, तेही जानोरीकडे, म्हणजे दिंडोरी तालुक्याच्या बाजूला. हायवेवरून तिकडे जायचं तर 'दहावा मैल' नावाच्या फाट्यावरून आत वळावं लागतं. ॲपवरचं अंतर हे बहुतेक वेळा नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेलं असतं. ती रेघ कारखान्याच्या कुंपणावरून गेली काय किंवा कुणाच्या द्राक्षबागेतून गेली काय, ॲपला त्याचं सोयरसुतक नसतं. बुक करण्याआधी नकाशात लॉज ते टर्मिनल असा गाडीचा रस्ता टाकून बघा. 'जवळ' म्हणून जादा भाडं द्यायचं की नाही हे त्यावरून ठरतं.

रात्री साडेनऊच्या सुमारास पोचलो. आणणारी भाड्याची गाडी परत गेली. ती गेल्यावरच काउंटरवरचा मॅनेजर कामाला लागला, असं आता मागे वळून बघताना वाटतं.

"दादा, बुकिंग दिसत नाहीये. कोड सांगा बरं, सिस्टमला टाकून बघतो."

बुकिंगबरोबर एक चेक-इनचा कोड आलेला असतो. तो त्याने टाकला, मान हलवली आणि म्हणाला, "नाही ना येत. कंपनीने आमचे चार महिन्यांचे पैसे थकवलेत, त्यामुळे आम्ही त्यांची बुकिंगं घेतच नाही. तुम्ही तुमच्याकडून कॅन्सल करा, रिफंड आपोआप येतो. सोबत म्हातारी माणसं आहेत म्हणून काउंटर रेट लावतो, १,८०० द्या."

बोलणं इतकं मऊ की आईला तो भला मुलगा वाटला. आता यातली मेख. तो कोड टाकला की ॲपच्या लेखी तुमचं चेक-इन झालं, खोली मिळाली, लॉजचे पैसे लॉजला द्यायचे ठरले. म्हणजे एकाच खोलीचे पैसे एकदा ॲपकडून आणि एकदा तुमच्याकडून. कोड न देता तुम्ही त्याचं ऐकून कॅन्सल केलंत तरी त्याचं काही जात नाही. आगाऊ भरलेलं स्वस्तातलं बुकिंग त्याच रात्री कॅन्सल केलं तर बहुधा काहीच परत येत नाही, आणि रेकॉर्डवर मात्र 'ग्राहकाने रद्द केले' असं राहतं. लॉजने खोली नाकारली, याचा मागमूसही उरत नाही.

यावर उपाय एकच आहे आणि तो काउंटरवर उभं असतानाच करायचा असतो. कोड द्यायचा नाही, कॅन्सल करायचं नाही. आधी ॲपच्या कस्टमर केअरला फोन लावायचा आणि स्पीकरवर टाकून मॅनेजरसमोर बोलायचं. लॉजने खोली नाकारली हे त्यांच्याकडे त्याच वेळी नोंदलं गेलं पाहिजे. फोन लागत नसेल तर ॲपमधल्या चॅटवर दोन ओळी लिहायच्या, त्यावर वेळेची नोंद राहते. मी फोन लावला तेव्हा कोड जाऊन बसला होता. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आपलं चेक-इन झालेलं दिसतंय." मॅनेजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

रोख द्यायला मी नकार दिला. त्याने स्कॅनर पुढे केला, त्यावर लॉजचं नाव नव्हतंच, कुणा व्यक्तीचं होतं. पैसे जाणारच होते, निदान कुणाच्या खात्यात गेले याचा पुरावा तरी राहिला. तक्रारीत पुढे तोच कामाला आला.

खोलीचं फार काही सांगत नाही. चादर पिवळट, गिझर शोभेला, रात्रभर कंटेनरचे हॉर्न. या भाड्यात हे चालायचंच, त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. एसीचा रिमोट मात्र खोलीत नव्हता, तो खालून मागवावा लागला, आणि तिसऱ्या माणसाची गादी पोऱ्याने न मागताच आणून टाकली. या दोन्ही गोष्टी सकाळी बिलात भेटणार होत्या.

सगळ्यात वाईट प्रकार आधार कार्डांचा. रात्री मॅनेजरने तिघांची मूळ कार्डं मागून घेतली. "झेरॉक्स मशीन बंद आहे, रजिस्टरला एन्ट्री करून ठेवतो, सकाळी घेऊन जा." पाहुण्यांची नोंद ठेवणं लॉजला भाग असतं, ते कबूल. नोंदीला कार्डाचा नंबर पाहून घेता येतो, फोटो काढता येतो, झेरॉक्स चालते. मूळ कार्ड रात्रभर ड्रॉवरमध्ये कशाला लागतं, ते सकाळी सहाला कळलं. काउंटरवर मॅनेजर नव्हता, एक पोरगा होता. त्याने लेटरपॅडवर पेनाने लिहिलेला कागद पुढे केला: एसी ३००, जादा गादी ४००, गरम पाणी १५०, आणि रात्रीच्या १,८०० सकट सगळ्यावर १८ टक्के जीएसटी ४७७. एकूण आणखी १,३२७ रुपये. "साहेब झोपलेत. बिल भरल्याशिवाय कार्डं द्यायची नाहीत असं सांगून गेलेत."

फोटो असलेलं ओळखपत्र दाखवल्याशिवाय टर्मिनलच्या दारातून आत सोडत नाहीत, हे त्या पोरालाही माहीत होतं.

आमच्या शेजारीच आंध्रातलं एक कुटुंब उभं होतं. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून परत निघालेलं. मराठी येत नाही, हिंदी अडखळत, बरोबर दोन लहान मुलं. त्यांच्या हातातला कागद आमच्याहून लांब होता. त्यांच्यातल्या मोठ्या माणसाने एकदा घड्याळ पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि मुकाट्याने पैसे मोजले. त्र्यंबकला श्रद्धेने आलेल्या माणसाला नाशिकचा शेवटचा अनुभव हा यावा, याची मला आमच्या पैशांपेक्षा जास्त चीड आली. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. तेव्हा काय होईल, विचार करा.

मी कागदावरचा जीएसटी नंबर विचारला. नव्हता. आता हे प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाड्याच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्याआधी तो १२ टक्के होता. स्वस्त लॉजच्या खोलीला १८ टक्के लागतच नाहीत. शिवाय ज्याची नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून हा कर घेताच येत नाही. नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं मालकाच्या पॅनची असतात. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावाची ते लगेच दिसतं. नंबर नसलेली कच्ची चिठ्ठी दाखवून कुणी कर मागत असेल तर तो कर सरकारकडे जाणार नाही, एवढं नक्की.

मी त्या कागदाचा फोटो काढला आणि म्हटलं, "कार्डं अडवून ठेवलीत म्हणून ११२ ला फोन लावतो." पोरगा आत गेला. झोपलेले साहेब शर्टाची बटणं लावत लगेच बाहेर आले. जीएसटीच्या ओळीवर स्वतःच्या पेनाने काट मारली, गरम पाणी खोडलं, एसीचे तीनशे "जाऊ द्या" म्हणाले, आणि कार्डं हातात ठेवता ठेवता, "गादीचे तरी द्या दादा, पोराच्या पगारातून कापतात." आण्णांनी खिशातून चारशे काढून टेबलावर ठेवले. "चल आता, उशीर होतोय."

टर्मिनलला सोडणाऱ्या गाडीचे रात्री २०० सांगितले होते. सकाळी ते ५०० झाले. त्या वेळी हायवेवर रिक्षा नव्हती. दिले.

यातली एकही गोष्ट अशा वेळी घडली नाही की आम्हाला वाद घालायला उसंत होती. गाडी परत गेल्यावर बुकिंग नाहीसं झालं, विमानाची वेळ जवळ आल्यावर बिल आलं, बॅगा बाहेर काढल्यावर गाडीचं भाडं वाढलं. शिवाय विमानतळाजवळच्या लॉजला गिऱ्हाईक पुन्हा येईल अशी आशाही नसते आणि गरजही नसते. त्यामुळे सगळे व्यवहार आदल्या संध्याकाळी, शांतपणे, लेखी करून घ्या. निघण्याआधी लॉजला फोन करून ॲपचं बुकिंग पोचलं का ते विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर मागा. पोचल्यावर एसी, गादी, गरम पाणी यांचे वेगळे पैसे आहेत का ते विचारून रात्रीच हिशेब चुकता करा, पावती घ्या. सकाळची गाडी नाशिकमधल्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवा.

मूळ आधार कुणालाही ठेवायला देऊ नका. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार डाउनलोड करून त्याच्या दोन-चार प्रती बरोबर ठेवा, लॉजला ती द्या. मोबाइलमध्ये आधारचं सरकारी ॲप घेऊन ठेवा. विमानतळावर त्यातलं आधार ओळखपत्र म्हणून चालतं, म्हणजे कुणी कार्ड अडवलं तरी विमान अडत नाही. त्या क्षणी त्याच्या ड्रॉवरमधलं कार्ड नुसतं प्लास्टिक होऊन जातं.

खरं तर ओझरला राहायलाच हवं असंही नाही. नाशिक शहरापासून विमानतळ साधारण २० किलोमीटर, आणि पहाटे रस्ता मोकळा असतो. द्वारका, आडगाव नाका, पंचवटी या बाजूला लॉज पुष्कळ आहेत. मुख्य म्हणजे एकाने नखरे केले तर बॅगा उचलून शेजारच्याकडे जाता येतं. हायवेवर रात्री दहाला तसं जाता येत नाही, आणि तिथल्या भावात हेही धरलेलं असतं.

आणखी एक प्रकार, आमच्या बाबतीत घडला नाही पण जवळच्या नात्यात घडला. नकाशावर लॉजच्या नावाखाली दिसणारा फोन नंबर दुसऱ्याच कुणाचा होता. आगाऊ रक्कम घेतली, मग "जास्त आले, परत पाठवतो, पिन टाका" म्हणून आणखी घेतले. पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. असं झालं तर तासाभरातच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

आमची तक्रार मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर नोंदवली. काउंटरवरून केलेल्या फोनची नोंद, यूपीआयची पावती आणि त्या कागदाचा फोटो जोडला. ॲपवाल्यांनी काही आठवड्यांनी १,४०० परत केले. लॉजकडून काही आलं नाही, तिथला फोन आता कुणी उचलत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून नाशिकच्या आयोगासाठी अर्ज तयार करून ठेवला आहे. आण्णांना वाचून दाखवला. सगळं ऐकून म्हणाले, "गादीचे चारशे यात धरू नको. ते मी माझ्या हाताने दिलेत."