धुपदाळचे पाणी, जांबोटीचे रान, गडाची चढण : दुर्बीण कोणती घ्यावी?

बेळगाव जिल्ह्यात राहून दुर्बीण घ्यायला निघालेल्या माणसाची अडचण अशी, की त्याच्या एका अंगाला खानापूर तालुक्यातले दाट, ओले आणि भरदुपारीही अंधारे वाटणारे रान आहे, तर दुसऱ्या अंगाला गोकाक-हुक्केरीकडचे उघडे माळ आणि जलाशय आहेत. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला पक्षी पंधरा-वीस मीटरांवर, पण पानांच्या आड असतो; धुपदाळच्या बंधाऱ्यावर तो स्वच्छ उन्हात, पण दोन-तीनशे मीटरांवर बसलेला असतो. एकच दुर्बीण दोन्हीकडे सारखी चालत नाही, आणि दोन घेण्याची ऐपत व हौस फारच थोड्यांना असते. त्यामुळे आपण खरोखर कोठे अधिक जातो, हे आधी ठरवावे आणि मग दुकानाची पायरी चढावी.

दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×४२ असे जे आकडे असतात, त्यांतला पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांचेही लक्ष पहिल्या आकड्यावर असते. माझेही होते. पहिली दुर्बीण मी १०×२५ घेतली, कारण ती खिशात मावत होती आणि ‘दहापट’ हा शब्द ऐकायला बरा वाटत होता. पुढे एका डिसेंबरातल्या सकाळी जांबोटीच्या पुढे मलबारी कर्णा समोर बसलेला असताना, त्याचे लालभडक पोट मला काळपट तपकिरी दिसले. पक्षी हलत नव्हता, अंतर जेमतेम पंधरा मीटर होते. कमी होता तो फक्त प्रकाश.

याचे कारण साध्या भागाकारात आहे. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास मिळतो. १०×२५ मध्ये तो २.५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२ मिमी, ८×३२ मध्ये ४ मिमी आणि ८×४२ मध्ये ५.२५ मिमी येतो. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर एवढीच उघडी असते, म्हणून तेव्हा या चारही दुर्बिणी जवळपास सारख्याच उजळ वाटतात. पण झाडाखालच्या सावलीत किंवा तिन्हीसांजेला बाहुली पाच मिलिमीटर आणि त्याहून अधिक उघडते, तेव्हा ८×४२ मधून येणारा प्रकाश १०×४२ च्या सुमारे दीडपट आणि माझ्या त्या १०×२५ च्या चौपटीहून अधिक असतो. रानात पक्षी ओळखण्याचा खेळ बराचसा रंगांचा असतो, आणि रंग प्रकाशावाचून दिसत नाहीत.

रानासाठी ८×४२ चे पारडे जड होण्याला आणखी एक कारण आहे. आठपटीच्या चांगल्या दुर्बिणीचा दृश्यकोन आठ अंशांपर्यंत असू शकतो, तर दहापटीचा बहुधा सहा-साडेसहा अंशांच्या आसपास असतो. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. परंतु वीस मीटरांवरच्या झाडावर आठ अंश म्हणजे सुमारे २.८ मीटर रुंदीचे वर्तुळ आणि सहा अंश म्हणजे २.१ मीटरचे. क्षेत्रफळाने पाहिले तर पहिल्यात जवळजवळ पावणेदोनपट झाड एका नजरेत मावते. पर्णवटवट्यासारखा चिमुकला पक्षी, जो एका फांदीवर दोन क्षणही ठरत नाही, तो सापडणे न सापडणे या वर्तुळावरच अवलंबून असते. शिवाय आठपटीत नजरेच्या पुढेमागे अधिक खोलीपर्यंत चित्र स्पष्ट राहते, म्हणून पक्षी पुढच्या फांदीवरून मागच्या फांदीवर गेला की चाक फिरवीत बसावे लागत नाही. हाताचा कंपही कमी जाणवतो. भीमगड अभयारण्याच्या परिसरात, चोर्ल्याच्या घाटात किंवा कणकुंबीच्या बाजूला ज्यांचे बहुतेक रविवार जातात, त्यांनी ८×४२ घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्यावर मात्र हा हिशेब उलटतो. घटप्रभा पक्षी अभयारण्यात किंवा हिडकलच्या जलाशयाच्या काठावर हिवाळ्यात उभे राहिले, तर सावलीचा प्रश्न नसतो, पक्षी पसरलेले आणि संथ असतात, आणि दूरच्या चिखलकाठावर टिपणाऱ्या दोन तुतवारांतला फरक पाहायचा असतो. तेथे १०×४२ चा अधिकचा पल्ला खरोखर उपयोगी पडतो. थव्यातले चक्रवाक मोजायचे असोत की कांड्या करकोच्यांच्या मानेचा काळा रंग पाहायचा असो, आठपटीत थोडे कमीच पडते. तरीही फेब्रुवारीनंतर सकाळी दहाच्या पुढे पाण्यावरची आणि माळावरची हवा तापून थरथरू लागते, आणि मग दहापट काय की बारापट काय, मोठी होते ती थरथरच. दहाच्या वरची दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. तिला तिपाई लागते, आणि तिपाई न्यायचीच असेल तर एकनळी स्पॉटिंग स्कोप अधिक कामाचा. ‘८ ते २४ पट’ असे बदलते आकडे असलेल्या झूम दुर्बिणी घेऊच नयेत. त्यांचा दृश्यकोन अरुंद असतो आणि वरच्या पटीत चित्र अंधारे व फिके होते.

गडांवर जाणाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्याचा शत्रू वजन हा असतो. ८×४२ चे वजन साधारण सहाशे ते साडेसातशे ग्रॅम असते. येळ्ळूरचा राजहंसगड चढताना ते जाणवणार नाही. पण सीमा ओलांडून चंदगड तालुक्यातल्या पारगड-कलानिधीगडाकडे दिवसभराची पायपीट केली, की संध्याकाळी मानेला ते बरोबर कळते. अशांना ८×३२ सुचवावीशी वाटते. ती साधारण साडेचारशे ते साडेपाचशे ग्रॅममध्ये बसते, तिचा दृश्यकोन पुष्कळदा ८×४२ इतकाच किंवा जास्त असतो, आणि उणीव दिसते ती फक्त अगदी पहाटे व अंधार पडताना. ८×२५ ची खिशातली दुर्बीण तीनशे ग्रॅमच्या आसपास असते. दरी पाहायला, समोरच्या डोंगरावरची वाट शोधायला ती पुरते, पण पक्ष्यांसाठी ती घेऊन कोणी समाधानी राहिल्याचे मी पाहिलेले नाही.

परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत शिकारीसाठी म्हणून निराळ्या दुर्बिणी दाखवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा तो रकाना आपण सोडून द्यावा. मात्र त्यातला एक गुण उचलण्याजोगा आहे. तिकडचे शिकारी संधिप्रकाशासाठी ८×५६ वापरतात. तिचा प्रकाशझोत पूर्ण सात मिलिमीटरचा असतो. खानापूरकडे ज्यांच्या भातात किंवा उसात गवे आणि रानडुकरे उतरतात, त्या शेतकऱ्याला बांधावरून अंतर राखून पाहण्यासाठी अशी दुर्बीण, किंवा तिच्याहून स्वस्त अशी ७×५०, अधिक उपयोगाची ठरेल. पण ती किलोभर वजनाची असते, आणि वय वाढले की बाहुली तेवढी उघडत नाही. साठीच्या माणसाला पाच मिलिमीटरपलीकडचा प्रकाश बहुधा मिळतच नाही. अंतर मोजणारे लेसर यंत्र आत बसवलेल्या दुर्बिणीचे पैसे तर पक्षीनिरीक्षकाने मुळीच घालू नयेत.

आता बांधणीविषयी. जुन्या धाटणीची, खांद्यात रुंद असलेली पोरो लोलकाची दुर्बीण आणि सरळ नळ्यांची रूफ लोलकाची दुर्बीण, असे दोन प्रकार दुकानात दिसतात. रूफ लोलकात चांगले चित्र मिळवायला लोलकावर खास लेप द्यावा लागतो आणि तो महाग पडतो. म्हणून कमी किमतीत पोरोचे चित्र हमखास सरस असते. निकॉनची अ‍ॅक्युलॉन ए२११ ही पोरो मालिका याच कारणाने नवशिक्यांना आवडते. पण ती जलरोधक नाही, आणि आपल्या भागात ही उणीव लहान नाही. आषाढात कणकुंबीच्या बाजूला कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे भिंगांची काय कथा! आत नायट्रोजन भरून सीलबंद केलेली, स्पष्टपणे ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली दुर्बीण घ्यावी. ‘वॉटर रेझिस्टंट’ या शब्दांवर पावसाळा काढता येत नाही. निकॉनचीच प्रोस्टाफ पी३ किंवा तिच्या वरची मोनार्क एम५ या अशा सीलबंद रूफ दुर्बिणी आहेत. केवळ नोव्हेंबर ते मे एवढ्यातच फिरणाऱ्याने पोरो घेऊन पैसे वाचवले, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. कोणतीही घेतली तरी पावसाळ्यात ती चामडी पिशवीत न ठेवता झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

चष्मा वापरणाऱ्यांनी एक आकडा अवश्य विचारावा : डोळा मागे ठेवूनही पूर्ण चित्र दिसण्याचे अंतर, ज्याला ‘आय रिलीफ’ म्हणतात. ते १५ मिमीहून कमी असेल तर चष्म्यातून चित्राच्या कडा कापल्या जातात. मुलांसाठी घेताना दोन्ही नळ्या त्यांच्या डोळ्यांइतक्या जवळ येतात का, ते पाहावे. मोठ्या दुर्बिणी पुष्कळदा येत नाहीत.

दुकानात दुर्बीण दाखवतात ती भर दुपारी, रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखून. त्या उजेडात माझी १०×२५ सुद्धा झकास दिसली होती. शक्य असल्यास दिवेलागणीच्या आधी जावे आणि पाटीऐवजी दुकानाच्या आतला, फळीखालचा अंधारा कोपरा पाहावा. उजव्या नेत्रिकेवरची (डोळा लावायच्या भिंगावरची) कडी फिरवून आपल्या दोन्ही डोळ्यांचा फरक आधी जुळवून घ्यावा, नाहीतर चांगली दुर्बीणही धूसर ठरवून आपण परत करतो. पाच मिनिटे पाहूनही डोळे ओढल्यासारखे वाटले, तर दोन नळ्यांची रेषा जुळलेली नाही असे समजावे. आणि जुनी दुर्बीण घेत असाल, तर पुढच्या भिंगातून विजेरीचा उजेड टाकून आत बुरशीचे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.