प्राग, पहिला दिवस: पायी की २२ नंबरची ट्राम?

मामेबहीण मैत्रिणीबरोबर प्रागला निघाली आहे. पहिला दिवस पायी काढावा की ट्रामने, यावर दोघींचं एकमत होईना.

खर्चाचं थोडक्यात: पायी फुकट. ट्रामचं तिकीट वेळेवर चालतं, तेवढ्यात कितीही ट्राम बदला. फक्त कागदी तिकिटावर चढल्याबरोबर यंत्रात शिक्का मारा, नाहीतर दंड.

दमछाकीत ट्राम सरळ जिंकते. जुन्या शहराचे दगडी रस्ते देखणे, पण तळपायांचा जीव काढतात. वर किल्ल्याची चढण. २२ नंबर किल्ल्याच्या थांब्यावर सोडते, तिथून वाट जवळपास सपाट.

पाहण्यात मात्र पायीच सरस. १४१० सालचं खगोलीय घड्याळ, तासाच्या ठोक्याला त्याच्या खिडक्यांतून सरकणाऱ्या प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) मूर्ती, मग ५१६ मीटरचा चार्ल्स पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे. गप्पा मारत, रेंगाळत जायचा रस्ता आहे हा! ट्राममधून तो पूल लांबूनच दिसतो.

झोप नीट झाली असेल आणि बूट सवयीचे असतील, तर पायीच निघा. रात्रभराच्या प्रवासानंतर किंवा गुडघे कुरकुरत असतील, तर ट्रामने वर जा आणि उतरताना पायी पुलावर या.