मुलांसाठीचा चरित्रसंच : आठ महिन्यांच्या वाचनानंतर

गेल्या दिवाळीत मुलांसाठीच्या दहा चरित्रपुस्तकांचा एक संच घेतला. प्रत्येक पुस्तक ३२ पानांचे, अक्षर ठसठशीत, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे रंगीत चित्र. मुलगी तेव्हा तिसरीत होती, आता चौथीत आहे. या आठ महिन्यांत तिने सहा पुस्तके पुन्हा पुन्हा वाचली, दोन कशीबशी संपवली आणि उरलेल्या दोनांना पहिल्या चार पानांपलीकडे हात लागलेला नाही. हा फरक चरित्र कोणाचे आहे यामुळे पडला नसून ते कसे लिहिले आहे यामुळे पडला, असे माझे मत झाले आहे.

सर्वांत उजवे पुस्तक दादासाहेब फाळके यांचे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्म, एवढे एका ओळीत उरकून लेखक थेट कामाकडे वळतो. चित्रपटासाठी पैसा लावायला कोणी पुढे येईना, तेव्हा फाळक्यांनी वाटाण्याचे रोप टप्प्याटप्प्याने चित्रित केले आणि पडद्यावर ते भराभर वाढताना दाखवले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम उचलले. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके उभे राहिले. आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. हे वाचून मुलीने गॅलरीतल्या कुंडीत वाटाणा पेरला, फरशीवर खडूने चौकोन आखला आणि त्यातच फोन टेकवून रोज सकाळी एक असे अठरा फोटो काढले. ते भराभर सरकवले तेव्हा रोप जेमतेम चार सेकंद हलले, आणि मध्ये दोन दिवस आम्ही गावाला गेलो होतो तिथे एकदम उडी मारून वर गेले. चित्रकाराने मात्र फाळक्यांच्या हाती आजच्यासारखा कॅमेरा दिला आहे. तेव्हाचा कॅमेरा मूठ फिरवून चालवत, असे शेजारच्याच पानावर छापलेले असूनही!

आनंदीबाई जोशी यांच्या पुस्तकाने निराशा केली. ‘लहानपणापासूनच डॉक्टर होण्याचे स्वप्न’ अशी त्याची सुरुवात आहे. वस्तुतः नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावणे आणि त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय, असा तो प्रवास आहे. मुलांना मृत्यू सांगू नये या विचाराने बाळाचा उल्लेख गाळला असावा, परंतु त्याबरोबर निश्चयाचे कारणही गळाले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात मिळालेली एम.डी. पदवी आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी आलेले मरण, या गोष्टी शेवटच्या पानावर नुसत्या तारखा म्हणून येतात. मुलीने विचारले, “पण हिला डॉक्टरच का व्हायचं होतं?” उत्तर पुस्तकात नव्हते, ते मी तोंडी सांगितले, आणि ती अजिबात घाबरली नाही.

डॉ. आंबेडकरांच्या पुस्तकातली चूक अधिक गंभीर आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, हे बरोबर. पण पुढच्याच वाक्यात ‘आणि मंदिर सर्वांसाठी खुले झाले’ असे छापले आहे. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही काही वर्षे झगडले तरी त्या काळात दरवाजे उघडले नाहीत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पंचवटीत त्या दगडी प्रवेशद्वारापाशी उभे राहून मुलगी म्हणाली, “मंदिर उघडलं होतं, तर मग येवल्याला जाऊन रागावले कशाला?” येवल्याचा प्रसंग त्याच पुस्तकात चार पाने पुढे आहे, दोन्ही पाने एकत्र वाचणाऱ्या मुलाला जो प्रश्न पडतो, तो संपादकाला पडायला हवा होता. मी प्रकाशकांना पत्र लिहिले, अद्याप उत्तर नाही. मुलीने ते वाक्य पेन्सिलने खोडून वर ‘नाही झाले’ असे लिहिले आहे.

बांधणी सामान्य आहे. पुस्तके नुसत्या पिनांवर आहेत. फाळक्यांच्या पुस्तकाची मधली पाने सुटल्यामुळे आम्ही ती दोऱ्याने शिवून घेतली. पुस्तके सुटीही मिळतात, त्यामुळे पूर्ण संच घेण्याची गरज नाही. फाळके आणि सावित्रीबाई ही दोन नक्की घ्यावीत. आंबेडकरांचे घ्यायचे तर सोबत बसून वाचावे, आणि आनंदीबाईंचे नव्याने लिहिले जाईपर्यंत थांबावे.