आठ पोर्टचा गिगाबिट स्विच: सात महिने वापरल्यावर

आमचं टॉवेल कारखान्याचं ऑफिस अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. चार कॉम्प्युटर, टॅली आणि डिझाइनच्या जड फायली. ते एकमेकांना वायरने जोडणारा हा नेटवर्क स्विच पाडव्याला बसवला, आता दिवाळी आली.

पहिले दोन महिने मी या स्विचला रोज शिव्या घातल्या. फाइल कॉपी करताना वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना, गिगाबिटवर तो ११० च्या आसपास हवा. परत करायला खोक्यात भरलाही होता. सहज लिंक स्पीड (कॉम्प्युटर आणि स्विचमधल्या जोडणीचा वेग, मेगाबिटमध्ये) पाहिला, तर माझ्याकडे १०० आणि पलीकडच्या टेबलावर १०००. स्विच तोच, पोर्ट बदलून पाहिला तरी तेच.

म्हणजे दोष वायरचा. वायरिंगवाल्याला बोलावलं. "मालक, अस्सल कॅट सिक्स (गिगाबिटला चालणारी नेटवर्क वायर) आहे, स्विचच गेलाय." त्याच्यासमोरच ब्लेडने एक तार खरवडली. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम! ही तार वाकवली की पटकन तुटते. १०० च्या वेगाला वायरमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही. त्यामुळे एखादी जोडी गेली तरी टॅली चालते, नेट चालतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. बदलून द्यायला तो साफ नाही म्हणाला. एकाच वायरचे दोनदा पैसे गेले याचा राग अजून आहे. शुद्ध तांब्याची वायर आणून कनेक्टर नव्याने पंच करून घेतले. त्याच स्विचवर ११२ आले.

त्याच माणसाने सगळे फोल्डर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' करून, म्हणजे कुणीही उघडावं, बदलावं, पुसावं असे ठेवले होते. २०१७ चा वॉनाक्राय (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) एसएमबी १ च्या, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअर करायच्या जुन्या पद्धतीच्या, भोकातून एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरला होता. भोक ते वेगळं, पण म्हणून असं उघडं ठेवायचं? एव्हरीवन काढलं, प्रत्येकाला वेगळं युजरनेम-पासवर्ड दिलं, पगाराचा फोल्डर दोघांपुरता ठेवला. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधले शेअरिंग आणि सिक्युरिटी, दोन्ही टॅब बघा. नेटवर्कवरून जी परमिशन कडक तीच लागू होते.

विंडोज ११ प्रो २४एच२ या आवृत्तीवर गेलं आणि बिनपासवर्डाची जुनी नेटवर्क हार्डडिस्क उघडेना. तेव्हा फार चिडलो होतो. गेस्ट लॉगिन (बिनपासवर्डाचा प्रवेश) परत चालू करायचा सल्लाही मिळाला. आता वाटतं, अडवलं तेच बरं केलं. डिस्कला पासवर्ड लावला, काम झालं.

स्विचला पंखा नाही, त्यामुळे लूमचा सुताचा धुरळा आत ओढला जात नाही. मे महिन्याच्या उन्हातही एकदाही बंद पडला नाही. स्टोअरच्या टेबलाची जुनी वायर तेवढी राहिली आहे, ती सुट्टीच्या दिवशी बदलणार.